न फेडलेली पडकई

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिथल्या शाळेच्या दाराशेजारी संगमरवरी पाटी आहे आणि तिच्यावर लिहिलं आहे की ही इमारत माझ्या प्रयत्नांतून उभी राहिली. ते खरं नाही. मी आता एकोणऐंशी वर्षांचा आहे आणि हे खरं नाही हे मला ती पाटी लागली त्या दिवसापासून माहीत आहे. इतकी वर्षं गप्प बसलेला माणूस आज का बोलायला लागला, असं कुणीही विचारील. माझ्या नातीचा एक खेळ नसता तर मी बोललो नसतो. आपल्या मनानेच जाग आली असं लिहायला मला आवडलं असतं, पण एक खोटं पुसताना दुसरं लिहायला नको.

नात माझ्याकडे जुन्नरला राहते, एका कॉलेजात संगणक शिकवते. रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर ती आणि तिचे दोन सोबती खेळायला बसतात. एक मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा तरुण, आणि दुसरी आळेफाट्याच्या एका दवाखान्यात नर्स असलेली मुलगी. हा खेळ पटावर नसतो, बोलण्यात असतो. नात एक काल्पनिक मुलूख सांगते, त्यात राक्षस, मंतरलेल्या खिंडी, पडकी गढी असं सगळं. बाकीचे दोघे त्यात एकेक माणूस होऊन वावरतात. काही अवघड करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि जमलं की नाही ते त्यावरून ठरवायचं. सुरुवातीला मी पेपर वाचत असल्याचं सोंग करून ऐकायचो. मग पेपर उलटा धरलाय हे दुकानदाराने मला दाखवून दिलं.

"आबा, मला तीन दाते लिहून द्या ना," नात एकदा म्हणाली.

"दाते म्हणजे?"

"म्हणजे हे दोघे ज्याच्याकडे जातील असा कुणीतरी मोठा माणूस. तो यांना काम सांगतो, यांनी ते केलं की बक्षीस देतो. मी पुस्तकातले घेतले की ते सगळे परदेशी राजे वाटतात. तुम्हाला इथली माणसं माहीत आहेत."

तिने मला वहीत चौकटी आखून दिल्या. दात्याला काय हवं आहे, तो काय देतो, आणि त्याचा दोष काय. दोष कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, "दोष नसलेला दाता खेळात मरतो. त्याच्याशी बोलायला काही उरत नाही."

मला मजा यायला लागली. आठवडाभर मी सकाळी चहा झाला की वही घेऊन बसत होतो. पहिला दाता पूर्वेच्या माळावरचा मेंढका केला. त्याचा हरवलेला एडका शोधून आणला की तो एक घोंगडी देतो, जी पांघरली की लांडग्यालाही वास येत नाही. दोष असा की तो फार संशयी. एडका आणून देणाऱ्यालाच तो आधी चोर म्हणतो. दुसरी, चार रस्त्यांच्या फाट्यावर खाणावळ चालवणारी बाई. तिला कुठला प्रवासी कुठे निघालाय हे भाकरी वाढतानाच कळतं आणि ती चुकलेल्याला वाट देते. दोष, तिच्या पोटात काही राहत नाही. हे दोघे नातीला इतके आवडले की तिने मला पुन्हा पुन्हा वाचायला लावले.

तिसरा मी लिहिला तो दगडी पाठशाळेचा गुरू. पांढरे कपडे, शांत आवाज. अडाणी डोंगरात त्याने एकट्याने विद्येची पाठशाळा उभी केली आहे आणि तिची एक भिंत अजून अपुरी आहे. राक्षसाच्या खिंडीतून बारा दगड वाहून आणून देणाऱ्याला तो न विझणारा दिवा देतो. मी हे सगळं एका बैठकीत, न अडखळता लिहिलं. दोषाची चौकट रिकामी ठेवली.

"याचा दोष राहिलाय," नात म्हणाली.

"याला दोष नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसून वही मिटली. "असू दे. तुम्हीच आहात ना ते."

तीही लहानपणापासून तीच गोष्ट ऐकत आली होती. ओसरीवरच्या भिंतीवर माझा फोटो आहे, आदर्श शिक्षक म्हणून शाल-श्रीफळ घेतानाचा. खाली शाळेचं आणि वाडीचं नाव. निवृत्तीच्या समारंभात, मुलींच्या लग्नात, कुणी नवा पाहुणा आला की, मी ती गोष्ट सांगत आलो. देवळाच्या पडवीत भरणारी गळकी शाळा, मी लोकांना कसं समजावलं, पाया कसा खोदला, दगड कसे वाहिले. सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली होती की तिच्यात मला स्वतःलाही कुठे बोट घालायला जागा राहिली नव्हती.

आता खरं काय झालं ते.

चाळीसेक वर्षांपूर्वी मी त्या वाडीवर गेलो तेव्हा शाळा पडवीत भरत होती, एवढं खरं. मी वरती अर्ज करत होतो आणि वाट पाहत होतो. एक दिवस वाडीतला एक शेतकरी, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, मला म्हणाला, "गुरुजी, कागदानं भिंत व्हत नाय. पडकई लावू."

डोंगरउतारावर भाताची खाचरं काढायची तर दगडांचा बांध घालावा लागतो. त्याला तिकडे ताल म्हणतात. हे एका घराचं काम नाही. म्हणून उन्हाळ्यात वाडीतली घरं एकत्र येऊन एकेकाच्या रानात ताल घालतात. हीच पडकई. मजुरी नाही, उपकारही नाही. माझ्या रानात तू आलास, तुझ्या रानात मी येणार. न गेलेला माणूस मयत चुकवणाऱ्यासारखा लोकांच्या लक्षात राहतो.

शाळेला रान नाही आणि हातही नाहीत. मग शाळेच्या पडकईची फेड कोण करणार, असा प्रश्न देवळापुढे निघाला. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "शाळेच्या वतीने मी येईन. प्रत्येकाच्या रानात." लोक हसले. एक म्हातारी म्हणाली, "गुरुजी, खडू उचलून हात दुखतो तुमचा." पण मान्य झालं.

भिंती त्या उन्हाळ्यात उभ्या राहिल्या. मी थोडे दगड वाहिले आणि घोडेगावहून गूळ आणला. बाकी सगळं त्यांनी केलं. कोपऱ्यांना लागणारे मोठे, घडीव दगड कमी पडले तेव्हा त्या शेतकऱ्याने आपल्या वरच्या खाचराचा ताल उकलला. त्याच्या बापाने घातलेला ताल. मी नको म्हटलं, म्हणजे तोंडाने म्हटलं. तो म्हणाला, "फुडल्या उन्हाळ्यात माझी पडकई लावू. तुमी या म्हंजे झालं." त्याचे सगळे दिवस शाळेच्या कामात गेले होते. दुसऱ्या कुणावर त्याचा हक्क उरला नव्हता. जो होता तो माझ्यावर.

त्या वर्षी मी पुरस्कारासाठी अर्ज केला. अर्जात लिहिलं की मी अशिक्षित ग्रामस्थांचं प्रबोधन करून त्यांच्याकडून श्रमदान घडवून आणलं. त्या शेतकऱ्याबद्दल एक ओळही लिहिली नाही. लिहिली असती तर पुरस्कार मिळाला नसता असंही नाही. फक्त ती ओळ घातली की माझी ओळ लहान व्हायची.

पुढच्या उन्हाळ्यात तो स्वतः शाळेत सांगायला आला. अमावस्येनंतर तिसऱ्या दिवशी पडकई लावतो, म्हणाला. मी येतो म्हणालो. पुरस्काराचा समारंभ पुण्यात होता, पडकईच्या आदल्या दिवशी. संध्याकाळची गाडी धरली असती तर सकाळी मी पोचलो असतो. मी पुण्यात भावाकडे राहिलो. त्याच्या शेजाऱ्यांना शाल दाखवली. चार दिवसांनी वाडीवर गेलो.

पडकईला सात-आठजण आले होते असं नंतर कळलं. ज्याच्यासाठी ताल उकलला तोच आला नाही म्हटल्यावर एक थर रचून तेही पांगले. आषाढात एका दुपारी मी मुलांना पाढे म्हणायला लावून खिडकीशी उभा होतो. समोरच्या उतारावरून लाल पाणी येत होतं. ते खाचर वाहून चाललं होतं. मला दिसत होतं ते काय आहे. मी पाढा चुकलेल्या मुलाला पुन्हा म्हणायला लावला.

तो शेतकरी मला त्यावर एक शब्द बोलला नाही. पुढच्या वर्षी मी जुन्नरजवळ बदली मागून घेतली. पाटी त्याच्या आधी लागली होती.

खेळात गुरूचं काम चार रविवार चाललं. दुकानदार मांत्रिक होता. प्रत्येक दगडामागे त्याची तक्रार असायची. "गुरू स्वतः का नाय उचलत? का त्याला मणक्याचा त्रास आहे?" मी हसायचो. नर्स डोंगरातली वाटाडी झाली होती. ती कमी बोलायची. अकरा दगड झाले. बारावा खिंडीतून आणायचा तर राक्षस जागा झालेला. दुकानदार म्हणाला, पळू या.

"थांब," ती म्हणाली. "बारावा मी माझ्या खाचराच्या तालातला काढते."

नात थबकली. "तुझं खाचर जाईल की. पावसाळा आहे पुढे."

"जाऊ दे. गुरू येईल ना बांधायला."

मी हातातली कपबशी खाली ठेवली.

नातीने गुरूला दिवा द्यायला लावला. न विझणारा, सोनेरी. दुकानदार म्हणाला, "मला दिवा नको, चार्जर बघा."

"मलाबी नको," नर्स म्हणाली. तिच्या कॅरेक्टरचा आवाज आता तिचा स्वतःचा झाला होता. "आमी काय मागायला आलो नव्हतो. एक दिवस काम केलं, एक दिवस काम पायजे. गुरूला इचार, माझ्या रानात कधी येतो."

नात हसून माझ्याकडे वळली. "आबा, तुमचा गुरू. सांगा, कधी येतो?"

मी डोळे मिटून घेतले. दुकानदाराला वाटलं मला चक्कर आली, तो पाणी आणायला आत गेला. मी त्या मुलीला विचारलं, "तू कुठली गं?" तिने वाडीचं नाव सांगितलं. ते नाव तिच्या डोक्यामागच्या फोटोखाली लिहिलेलं होतं.

"पहिल्या रविवारीच वळखलं मी तुमाला," ती म्हणाली. "त्याच शाळंत शिकले. रोज पाटी वाचायची. ताल उकलला त्यो माझा आजा."

नातीला काहीच कळत नव्हतं. मी तिला तिथेच, त्या दोघांसमोर, वर लिहिलेलं सगळं सांगितलं. सांगताना मी दोनदा स्वतःला सावरायला गेलो. गाडी चुकली असं एकदा म्हणालो आणि मग, नाही, चुकली नव्हती, असंही म्हणालो. शेवटी तिने वही उघडली, रिकाम्या चौकटीत काहीतरी लिहिलं आणि ती आत निघून गेली. दोन शब्द होते: आला नाही.

नर्स जायला उठली तेव्हा मी विचारलं, "आजोबा आहेत?"

"हायेत. वाडीतली मानसं आजून हसत्यात त्याला, मास्तरच्या नादी लागून बापाचा ताल फोडला म्हणून. त्यो काय म्हणतो ठावं हाय का? म्हणतो, गुरुजी येणार व्हते. कायतरी आडलं आसंल त्यांचं. तसा मानूस न्हाई त्यो."

त्यानंतरचे आठ दिवस मी घरात फिरत होतो. त्या शेतकऱ्याने मला शिव्या दिल्या असत्या तर मी पत्र लिहून क्षमा मागितली असती आणि सुटलो असतो. पण तो माणूस चाळीस वर्षं लोकांपुढे माझी बाजू घेत होता. त्याला खरं सांगावं तर त्याची तेवढी जमाही काढून घेणार. न सांगावं तर त्याचा विश्वास मी आणखी एकदा वापरणार. नातीला विचारलं, काय करू. ती म्हणाली, "मला नका विचारू आबा. मी अजून रागावलेली आहे."

वैशाखात आम्ही गेलो. डिंभ्यापर्यंत एसटी आणि पुढे जीप. नर्स बरोबर होती, नातही आली, पण माझ्याशेजारी बसली नाही. म्हातारा दारात खाटेवर होता. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण आवाजावरून ओळखलं. "गुरुजी," म्हणाला, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

मी चहाच्या आधीच सांगितलं. काही अडलं नव्हतं. मी येऊ शकत होतो. शाल दाखवत बसलो म्हणून आलो नाही. पावसात तुमचं खाचर जाताना मी खिडकीतून पाहिलं.

त्याने हाताने खाटेची कड चाचपली. मग म्हणाला, "म्हंजे इतकी वर्सं मी लोकान्ला खोटं सांगत व्हतो व्हय?"

मी हो म्हणालो.

"काय गरज व्हती मंग मला," असं काहीसं तो पुटपुटला. सून चहा घेऊन आली. त्याने आपला कप घेतला नाही. काठी मागितली आणि नर्सचा खांदा धरून उठला. "चला. मला सांगून काय उपेग. खाली पडकई लागलीय, तिथं सांगा."

आता वाडीत जेसीबी येतो, पण जिथे तो चढत नाही तिथे अजून पडकई लागते. ओढ्याच्या वरच्या अंगाला पंधरा-वीस बायामाणसं ताल घालत होती. निम्मी माझ्या हाताखाली शिकलेली, केस पांढरे झालेली. म्हातारा म्हणाला, "ऐका रं, गुरुजी काय म्हणत्यात ते." मी पुन्हा सगळं सांगितलं. पाटीवरचं खोटं आहे, ती इमारत यांची आणि तुमची आहे, म्हणालो.

मग तालावर उभी असलेली एक बाई म्हणाली, "मला तुमी अर्धा दिस अंगठं धरून हुभं केलं व्हतं गुरुजी, उशिरा आले म्हणून." लोक हसले. ज्याचं रान होतं त्याने एक घमेलं माझ्याकडे सरकवलं. "आलायसा तर घ्या आता. बारकंच दगड भरा."

मी भरले. नात पलीकडे रांगेत उभी राहून घमेली पुढे देत होती. कुणी मला बसा म्हणालं नाही याचं मला बरं वाटलं. भाकरीच्या वेळेपर्यंत माझ्या पायांत गोळे आले होते. म्हातारा करवंदीच्या सावलीत बसून होता. माझ्याकडे त्याचा चेहरा नव्हता.

जेवताना रानाचा धनी माझ्यापुढे येऊन बसला. "गुरुजी, आर्धा दिवस तुमचा झाला. तुमची नात धरून एक. आमी तुमाला एक दिवस लागतो. जुन्नरला काय काम काढलंय?"

मला वाटलं तो चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. अर्धा दिवस दगड उचलले म्हणून हे लोक आता जुन्नरला माझ्या दारी यायला तयार होते. मी मान खाली घालून म्हणालो, "माझ्याकडे नको. तो दिवस यांच्या वरच्या खाचरात द्या."

त्यावर वाद झाला. असा दिवस दुसऱ्याला देता येतो का, हे कुणी पाहिलं नव्हतं. कुणी म्हणालं, घरातल्या घरात चालतं, परक्याला कसा चालंल. एकजण म्हणाला, तिथं आता ताल कसला, कारवी माजलीय, आधी ती तोडाया पायजे. शेवटी तालावरची ती बाई म्हणाली, "चालंल की. पण गुरुजीनी सोता यायचं. ते आले न्हाई तर आमी दगूड हलवायचो न्हाई."

सगळ्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्याने नको म्हणावं असं मला एका क्षणी वाटलं, कारण मग मी सुटलो असतो. तेही लिहून ठेवतो.

"पाऊस यायच्या आत व्हाया पायजे," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

अमावस्येनंतरचा सोमवार ठरला आहे. सध्याच्या शिक्षकांकडे पाटी काढण्याचा अर्ज दिला. ते म्हणाले, समितीचा ठराव लागेल, आणि कारण लेखी द्या. हे ते कारण. अर्जात मी श्रमदान हा शब्द पुन्हा लिहिला होता. नर्सने तो आजोबांना वाचून दाखवला आणि मला त्यांचा निरोप आणला: आमी दान केलं न्हाई, पडकई केली, तसं लिवा. मी खोडून तसं लिहिलं आहे. ताल पुरा होईल की नाही, माझ्याच्याने किती दगड उचलवतील, ठाऊक नाही. नर्सला दवाखान्यातून रजा कधी मिळते ते नातीने विचारून घेतलं आहे आणि रविवारी संध्याकाळीच वाडीवर मुक्कामाला जायचं असं मला बजावलं आहे. सकाळच्या गाडीच्या भरवशावर ती मला सोडायला तयार नाही.